दोघांचा डावा बूट

मित्रांनो, मी फुटबॉलचा एक जुना बूट आहे. जोडीतला डावा. माझा उजवा भाऊ फार वर्षांपूर्वी ठाण्याच्या खाडीत गेला, त्यामुळे जे सांगायचं ते मला एकट्यालाच सांगायला हवं. माझं चामडं तडकलं आहे, नाडी केव्हाच कुजून गेली, आणि खरं सांगायचं तर आता बोलण्याचाही शीण होतो. चाळीस वर्षं माझ्याबद्दल पुष्कळ बोललं गेलं. टाळ्याही पुष्कळ पडल्या. पण त्या बोलण्यात निम्मीच गोष्ट होती. उरलेली निम्मी आज सांगतो.

माझा जन्म एकेचाळीस सालच्या उन्हाळ्यात ठाणे स्टेशनजवळ झाला. देवराम नावाचे एक चर्मकार तिथे झाडाखाली बसत. एक दिवस खाडीकाठच्या कोपरी वस्तीतले दोन कोळी तरुण त्यांच्यापुढे येऊन उकिडवे बसले. एक नाथा, दुसरा उत्तम. दोघंही विशीच्या उंबरठ्यावरचे, दोघंही खाडीत जाळी टाकणाऱ्या घरांतले, आणि दोघंही फुटबॉलचे वेडे. रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाच्या पायात त्यांनी बूट पाहिले होते. तसेच त्यांना हवे होते. पण दोन जोड त्यांना परवडण्यासारखे नव्हते. तेव्हा नाथाने सुचवलं की बूट एकच जोड करा, आम्ही आळीपाळीने घालू. देवरामनी दोऱ्याने दोघांचीही पावलं मोजली आणि ते हसले. दोघांचं माप अगदी एक निघालं. मोबदला म्हणून पावसाळाभर पुरतील एवढे सुके बोंबील आणि सुकट देवरामच्या घरी पोहोचवायचं ठरलं.

देवरामनी मला मन लावून शिवलं. तळव्याला चामड्याच्या सहा गोल गुंड्या खिळ्यांनी ठोकल्या, म्हणजे चिखलात पाय घसरू नये. पहिल्याच पावसात माझी टाचेकडची एक गुंडी निखळून पडली. देवरामकडे त्या दिवशी गोल तुकडा नव्हता, म्हणून त्यांनी चौकोनी ठोकून दिली. त्यामुळे माझा ठसा चिखलात इतर कुठल्याही बुटापेक्षा वेगळा उठायचा. त्या वेळी आम्हा कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

कोपरीचा सगळा संघ अनवाणी खेळायचा. अकरा जणांत बूट फक्त एकाच्या पायात. पहिला अर्धा डाव नाथाच्या, दुसरा अर्धा उत्तमच्या. नाथा डाव्या बाजूने वाऱ्यासारखा सुटायचा. धावण्याआधी तो पायाची बोटं माझ्या आत घट्ट आवळायचा, ते मला ओळखीचं झालं होतं. उत्तम मागे उभा राहायचा. तो फारसा धावायचा नाही, टाच नीट रोवायचा आणि आलेला चेंडू एका लाथेत मैदानाच्या पलीकडे पाठवायचा. लोक नाथाच्या नावाने ओरडायचे. उत्तमच्या नावाने कुणी ओरडत नसे, आणि त्याला त्याचं वाईटही वाटत नसे.

बेचाळीस साली जगात मोठं युद्ध चाललं होतं आणि आपल्या देशात इंग्रजांविरुद्ध चळवळ पेटली. ऑगस्टमध्ये पुढारी तुरुंगात गेले, तेव्हा जे बाहेर राहिले त्यांनी लपूनछपून काम सुरू केलं. नाथा त्यांच्यात सामील झाला. चोरून छापलेली पत्रकं मासळीच्या टोपलीखाली घालून तो ठाण्याहून कल्याणपर्यंत पोहोचवायचा. ती छापण्याचं हाताने फिरवायचं यंत्र कोपरीतच एका घरात लपवलेलं होतं. उत्तमला यातलं काही माहीत नव्हतं. नाथाने सांगितलं नाही आणि उत्तमने विचारलं नाही.

सप्टेंबरात पोलीस कोपरीतल्या घरांची झडती घेणार अशी कुणकुण लागली. यंत्र होडीत घालून खाडीतून बाळकुमला हलवणं भाग होतं, आणि तेवढा वेळ कल्याणकडच्या पोलिसांना खबर जायला नको होती. त्यासाठी रुळांच्या कडेने जाणाऱ्या तारायंत्राच्या तारा तोडायच्या होत्या. हे काम नाथाने अंगावर घेतलं. त्यासाठी त्याने जो दिवस निवडला तो ऐकून त्याचे साथीदारही चक्रावले. त्या दिवशी दुपारी कोपरीच्या मैदानात आमचा सामना पोलिसांच्याच संघाशी होता. झाडून सगळे शिपाई सामना बघायला येणार होते.

खेळ सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, नाथा गुडघा धरून खाली पडला. कुणाचाही धक्का लागला नव्हता, हे मला ठाऊक आहे. लंगडत लंगडत तो मैदानाबाहेर गेला, आणि तिवरांच्या झाडीआड पोहोचताच सरळ धावत सुटला. तिवरांच्या मुळांमध्ये त्याने आदल्या दिवशी एक पक्कड खोचून ठेवली होती. ती घेऊन तो डोलकाठीवर चढावं तसा खांबावर चढला. एकामागून एक तारा खाली लोंबल्या. तो उतरला तेव्हा मी खाडीच्या काळ्या चिखलात घोट्यापर्यंत रुतलो होतो. अर्धा डाव संपण्याआधी आम्ही पुन्हा मैदानाच्या कडेला येऊन बसलो होतो.

मग नेहमीप्रमाणे नाथाने बूट काढून उत्तमकडे दिले. मैदानाचा चिखल लाल होता आणि माझ्या तळव्याला काळा लागलेला होता. उत्तमने माझ्याकडे पाहिलं, मग नाथाच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग त्याने मला पायात चढवलं आणि नाडी बांधली. तो सामना आम्ही हरलो. यंत्र मात्र बाळकुमला पोहोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांना खांबाखाली ठसे सापडले. पाच गुंड्या गोल आणि एक चौकोनी. कोपरीत बूट एकच जोड होता, तो कुणाच्या घरी आहे हे विचारत ते वस्तीत शिरले. आम्ही उत्तमच्या घरी होतो. पोलीस पहिल्या गल्लीत असतानाच नाथा मागच्या दाराने धावत आला. मला खाडीत फेकून द्यायचा त्याचा विचार होता. पण तोवर पावलं दाराशी आली. नाथा म्हणाला की मीच बाहेर जातो आणि सांगून टाकतो. उत्तमने त्याचा दंड धरला. तो जे बोलला ते मी शब्दाला शब्द सांगतो.

"तुला सगली नावं ठाव हायत, नाथा. तुला मारलं तर त्या नावांचं काय होईल? मना काय ठावच नाय. मारून काय काढतील माझ्यातून?"

एवढं बोलून त्याने नाथाला आतल्या खोलीच्या दाराआड ढकललं, मला हातात घेतलं आणि तो ओटीवर गेला. बूट माझा आहे, सामना संपल्यावर अंधारात तारा मी तोडल्या, तांबं विकायचं होतं, असं त्याने सांगितलं. नाथा दाराआड उभा होता. तो बाहेर आला नाही.

चौकीत मी टेबलावर होतो. त्यांनी उत्तमला दोन दिवस विचारलं. कुणी सांगितलं, कुणासाठी केलं, पत्रकं कुठे छापतात. तो दर वेळी तांबं एवढंच म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याच्या उजव्या पायाची तीन बोटं मोडली. त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याच्याकडून काही निघालं नाही. चोरीबद्दल त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. चळवळीतला कैदी म्हणून नव्हे, चोर म्हणून. माझा उजवा भाऊ घरीच राहिला होता. उत्तमच्या आईने रडत रडत त्याच दिवशी त्याला भरतीच्या पाण्यात सोडून दिलं. मला मात्र चिठ्ठी बांधून मुद्देमालाच्या कोठारात ठेवलं. तिथे मी सहा वर्षं उंदरांच्या सोबतीत काढली.

या काळात नाथाने पुष्कळ काम केलं, हेही सांगायला हवं. तो मिठागरांच्या झोपड्यांतून राहिला, पत्रकं वाटत राहिला, चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात कल्याणला पकडला गेला. त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली, पण राजकीय कैदी म्हणून. सुटून आला तेव्हा कोपरीने वाजतगाजत त्याचं स्वागत केलं. त्याच वर्षी उत्तमही सुटून आला, तेव्हा वस्तीतली दारं ओढून घेतली गेली. कोळ्याच्या पोराने चोरी करावी याची सगळ्यांना लाज वाटत होती. उत्तमने आईला घेतलं आणि तो ठाकुर्लीला जाऊन राहिला. तिथल्या वीजघरात त्याला कोळसा ओढण्याचं काम मिळालं.

स्वातंत्र्य आलं त्याच्या आदल्या आठवड्यात नाथा ठाकुर्लीला गेला होता. हे मी फार नंतर त्याच्याच तोंडून ऐकलं. उत्तमने त्याला एकच विचारलं होतं, आता सांगशील ना? नाथा हो म्हणाला होता. पंधरा ऑगस्टला कोपरीत झेंडा चढला, नाथाच्या गळ्यात हार पडले, दोन शब्द बोला म्हणून लोकांनी त्याला उभं केलं. त्याला वाटलं, आजच्या आनंदात हे नको, पुढच्या वर्षी सांगू. पुढच्या वर्षी त्याने मला कोठारातून सोडवून आणलं. तेव्हा त्याला एका कागदावर सही करावी लागली. त्यावर लिहिलं होतं, चोरीच्या खटल्यातील बूट, नग एक. तो कागद त्याने बराच वेळ वाचला आणि मग सही केली.

तेव्हापासून माझे कौतुकाचे दिवस सुरू झाले. नाथा एका शाळेत खेळाचा शिक्षक झाला. लोक त्याला नाथासर म्हणू लागले, सरकारकडून ताम्रपट मिळाला, त्याचं लग्न झालं, घर झालं. दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला मला खोबरेल तेल लावून चमकवलं जाई आणि पिशवीत घालून शाळाशाळांत नेलं जाई. नाथासर मला उंच धरून सांगत की हा बूट घालून मी तारा तोडल्या. मुलं टाळ्या वाजवत. ती गोष्ट खोटी नव्हती. तीत फक्त उत्तम नव्हता. पहिली काही वर्षं सर बोलताना मधेच अडखळत. मग त्यांना ती जागा न अडखळता ओलांडण्याची सवय झाली. घरी आल्यावर मात्र त्या दिवशी ते जेवत नसत. सरस्वती, त्यांची बायको, दमले असतील म्हणून गप्प राही.

अशी चाळीस वर्षं गेली. मित्रांनो, बूट चालून झिजतो असं तुम्हाला वाटत असेल. मी तर टेबलावर बसून बसून झिजलो.

सत्त्याऐंशी साली, स्वातंत्र्याला चाळीस वर्षं झाली म्हणून, डोंबिवलीच्या एका शाळेने नाथासरांना बोलावलं. सर तेव्हा पासष्ट वर्षांचे होते, निवृत्त झाले होते. भाषण नेहमीसारखं झालं. नंतर शिक्षकांच्या खोलीत चहा झाला आणि मला मधल्या टेबलावर रुमालावर ठेवलं. एकेक जण मला पाहून जात होता. शेवटी एक बाई राहिल्या. सदतीस-अडतीसच्या असतील, मराठी शिकवायच्या. त्यांनी मला उचललं, उलटं केलं आणि चौकोनी गुंडीवरून बोट फिरवलं. मग त्या सरांसमोर बसल्या.

"सर, त्या पावसाळ्यात कोपरीच्या तारा किती वेळा तुटल्या?" त्यांनी विचारलं.

"एकदाच," सर अभिमानाने म्हणाले.

"मग माझे वडील कशासाठी तुरुंगात गेले?"

सरांच्या हातातली बशी टेबलावर टेकली, ती पुन्हा उचलली गेली नाही. बाई उत्तमची मुलगी होत्या. त्यांचं नाव मालन. वडिलांनी तरुणपणी कोपरीला तांब्याच्या तारा चोरल्या, एवढंच त्यांना घरात माहीत होतं. त्यांच्या भावाला, पोपटला, याच कारणावरून पोलीस भरतीतून परत पाठवलं होतं. वडिलांनी यावर आयुष्यात कधी चकार शब्द काढला नव्हता. मालनताईंचा आवाज चढला नाही. बाबा ठाकुर्लीलाच असतात, छातीचा त्रास वाढलाय, एवढं सांगून त्या तासाला निघून गेल्या.

त्या दिवशी घरी आल्यावर सरांनी मला कपाटात ठेवलं नाही. पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवली, ती तिथेच राहिली. तीन आठवडे मी तिथे होतो. सर रोज पायात चपला घालायचे, पिशवीकडे बघायचे आणि चपला काढून ठेवायचे. शेवटी सरस्वतीने विचारलंच. तेव्हा त्यांनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. मी दारामागून ऐकत होतो. एवढ्या वर्षांत ती गोष्ट मी पहिल्यांदाच पुरती ऐकली.  सरस्वती उठली, पिशवी काढून सरांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "रविवारी जायचं. मी येते बरोबर."

ठाकुर्लीच्या एका चाळीत उत्तमच्या दोन खोल्या होत्या. तो खिडकीजवळच्या खाटेवर बसला होता. मी त्याला पंचेचाळीस वर्षांनी पाहत होतो. कोळशाने छाती पोखरलेली, श्वास घेताना खांदे वर जात होते. उजव्या पावलाची बोटं वेडीवाकडी जुळलेली होती. त्याची बायको, हौसाबाई, चुलीशी होती, आणि मालनताई रविवार म्हणून आल्या होत्या.

नाथासर त्याच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांनी मला पिशवीतून काढून खाली ठेवलं.  उत्तमच आधी बोलला.

"चामडं चांगलं जपलंस."

"याला जपलं," सर म्हणाले. शाळेतली भाषा गळून पडली होती, ते कोपरीचे होऊन बोलत होते. "तुला नाय जपलं."

उत्तमने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग येऊन गेल्यावर जो थकवा उरतो तो होता. तो सांगू लागला की सत्तेचाळीसला त्याने वाट पाहिली. अठ्ठेचाळीसलाही पाहिली. पुढे पुढे कामाच्या पाळ्या, पोरांची दुखणी, आईचं म्हातारपण यात वाट पाहणं सुटून गेलं. सरांनी विचारलं की मग तू स्वतः का नाही सांगितलंस. त्यावर तो म्हणाला, "मी काय सांगणार? चोर पकडला गेला की असंच काहीतरी सांगतो. ते तूच सांगायचं होतं."

सर म्हणाले की आता सांगतो, कोपरीत, सगळ्यांच्या पुढे. उत्तमने हात वर करून त्यांना थांबवलं.

"कोपरी राहू दे. आधी हौसाला सांग."

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की हौसाबाई हातात चहाची किटली घेऊन दारात उभी आहे. आणि नाथासरांनी, ज्यांनी हजारो मुलांपुढे भाषणं केली होती, त्या एका बाईला खाली मान घालून सगळं सांगितलं. सामना, काळा चिखल, दाराआडचं लपणं, काहीही वगळलं नाही. हौसाबाईने किटली खाली ठेवली आणि ती भिंतीला टेकून बसली. लग्न झाल्यावर उत्तमने तिला एवढंच सांगितलं होतं की तरुणपणी माझ्या हातून चूक झाली. तिने ते मान्य केलं होतं. शेजारणी काही बोलल्या तर ती ऐकून घ्यायची. कोपरीतल्या कुठल्याही लग्नाला ती आयुष्यात गेली नव्हती.

ती नाथासरांकडे पाहून बोलली, पण विचारत होती जणू स्वतःलाच.

"चाळीस वर्षं मी यांना माफ करत आले. आता ती माफी मागं कशी घेऊ?"

 चहा तसाच गार झाला. मालनताईंनी आईचा हात धरला, आणि उत्तम खिडकीबाहेर पाहू लागला.

पुढच्या सव्वीस जानेवारीला कोपरीत झेंडावंदन झाल्यावर नाथासर बोलायला उभे राहिले. मला त्यांनी नेहमीसारखं उंच धरलं नाही. समोर खाली ठेवलं, आणि हा बूट दोघांचा होता इथपासून सुरुवात केली. लोक ऐकत राहिले. मागच्या रांगेतून दोघेतिघे उठून गेले. वस्तीचे प्रमुख दामाजी तेव्हा ऐंशीच्या घरात होते. उत्तम सुटून आला तेव्हा ज्यांनी दार ओढून घेतलं त्यांत ते होते. त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं की पोलीस उत्तमला घेऊन गेले तेव्हा तुम्ही कुठे होता.

"दाराआड," सर म्हणाले.

त्या दिवशी टाळ्या पडल्या नाहीत. पण घरी आल्यावर सर पोटभर जेवले, आणि सरस्वतीने त्यांना दोनदा भात वाढला.

यानंतर शाळांची बोलावणी बंद झाली. काही लोक म्हणाले की म्हातारपणी यांना हे काय सुचलं. काही म्हणाले की एवढी वर्षं सरकारचा मान घेतला, तेव्हा नाही आठवलं. सरांनी कुणालाही उलट उत्तर दिलं नाही. लोक बोलत होते ते खरंच होतं. उत्तमची नोंद चोर म्हणून आहे ती बदलून मिळावी, यासाठी त्यांनी अर्ज करायला सुरुवात केली. एका कचेरीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने तिसरीकडे. साक्षीदार आणा म्हणाले, तर साक्षीदार मरून गेले होते. पुरावा आणा म्हणाले, तर सर मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवत. कारकून मला बाजूला सारून खालचे कागद उचलत.

सरकारला जे जमलं नाही ते कोपरीने केलं. त्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ अर्पण करण्याचा मान दामाजींचा होता. ते काठी टेकत, रिक्षा करून ठाकुर्लीला गेले आणि उत्तमच्या खाटेशी उभे राहिले. क्षमा वगैरे शब्द त्यांना आले नाहीत. पौर्णिमेला तू नारळ सोडायचास, गाडी पाठवतो, एवढंच ते बोलले. उत्तमने पायाचं कारण सांगितलं. दामाजी म्हणाले की उचलून नेऊ.

उचलायची वेळ आली नाही. चव्वेचाळीस वर्षांनी उत्तम कोपरीच्या धक्क्यावर स्वतःच्या पायांनी चालत गेला. एका बाजूने नाथासरांनी खांदा दिला होता. सोनेरी कागदाने मढवलेला नारळ त्याच्या हातात दिला तेव्हा बँड थांबला. उत्तमला दम लागला होता. तो सरांच्या कानाशी म्हणाला, "पाय दुखतोय. लवकर आवर त्यांना." मग त्याने वाकून नारळ पाण्यात सोडला. मागे बायका बसल्या होत्या, त्यांत हिरव्या लुगड्यातली हौसाबाई होती. कुणीतरी तिच्यापुढे पानसुपारीचं तबक धरलं. तिने विडा उचलला आणि बराच वेळ तसाच हातात धरून ठेवला.

उत्तम त्यानंतर दीड वर्ष जगला. नव्वद सालच्या थंडीत तो गेला. नाथासर अर्ज करतच राहिले. उन्हातान्हात बसने, रिक्षाने, नंतर नातेवाइकाचा हात धरून. चौऱ्याण्णव साली त्यांनी अंथरूण धरलं, तेव्हा मालनताईंना बोलावून मला त्यांच्या हवाली केलं. सरस्वती दारापर्यंत आली होती. त्या महिन्याच्या अखेरीस सरही गेले.

पुढच्या वर्षी मालनताईंच्या डोंबिवलीच्या घरी एक पाकीट आलं. सदर खटल्याची मूळ कागदपत्रे नष्ट झालेली असल्याने नोंदीत कोणताही बदल करता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. ताईंनी ते दोनदा वाचलं, घडी घालून खणात ठेवलं आणि त्या शाळेत गेल्या. उशीर झाला असता तर मुलांचा तास बुडाला असता.

आता मी त्यांच्या पुस्तकांच्या फळीवर असतो. मला कुठे मिरवायला नेत नाहीत. तेल लावायचं कधी राहून जातं. मित्रांनो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. चामडं आज ना उद्या तडकणारच. तुम्ही जुन्या वस्तू जपा, पुसा, नीट ठेवा, हे मी सांगायला हवं, पण त्याआधी एक सांगतो. तुमच्यासाठी कुणी मार खाल्ला असेल, कुणी नाव खराब करून घेतलं असेल, तर त्याचं नाव तो ऐकू शकेल तोवर घ्या. त्याच्या बायकोमुलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने घ्या.

नाथा भित्रा नव्हता, खोटाही नव्हता. भर दुपारी पोलिसांच्या नाकाखालून जाऊन तारा तोडणारा माणूस होता तो. तो सांगणारच होता. दर वर्षी तो पुढच्या वर्षी सांगणार होता.